लॅपटॉप रांगायला लागला? नवा घेण्याआधी आतली डिस्क बदलून बघा



जून उजाडला की शिक्षकांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो. "सर, लॅपटॉप सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं घेतोय. नवीन घेऊ का?" खाली लगेच दहा जण दहा सल्ले देतात. कोणी म्हणतं फॉरमॅट मारा, कोणी म्हणतं रॅम वाढवा, कोणी सरळ नव्या लॅपटॉपची लिंकच टाकतो. यातला बराच खर्च टाळता येतो, म्हणून आज या विषयावर जरा सविस्तर लिहितो आहे. मुलासाठी घेतलेला लॅपटॉप घरात धूळ खात पडला असेल, तर पालकांनाही याचा उपयोग होईल.

आपल्या खान्देशात हा प्रश्न जास्त का, याला एक कारण आहे. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कला नोकरी केलेले हर्षल विभांडिक यांनी धुळे जिल्ह्यात गावोगाव फिरून, लोकवर्गणी गोळा करून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची मोहीम चालवली, ती आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिली आहे. जळगावातही अनेक शाळांनी त्याच सुमारास गावाकडून, माजी विद्यार्थ्यांकडून पैसे जमवून प्रोजेक्टर आणि संगणक घेतले. गावाने कपाशीच्या पैशातून दिलेली ती वस्तू. आता त्यातले बरेच संगणक आठ-दहा वर्षांचे झाले. पडदा ठीक, कीबोर्ड ठीक, प्रोसेसरही ठीक. पण सुरू केला की अर्धा तास संपतो. मग तो कपाटात जातो आणि "डिजिटल शाळा" ही पाटी तेवढी भिंतीवर राहते. अशा मशीनमधला एक भाग बदलला तर ते पुन्हा वर्गात येऊ शकतं.

आधी आजार ओळखा

घाईने दुकानात जाऊ नका. लॅपटॉप सुरू करा, पाच मिनिटं थांबा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात. सीपीयू १०-१५ टक्क्यांवर निवांत बसलाय आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर चिकटलीय, असं चित्र असेल तर दोष डिस्कचा. मेमरीच ९० टक्क्यांच्या वर असेल तर मात्र रॅम कमी पडते आहे. ४ जीबी रॅमवर क्रोमचे सात-आठ टॅब उघडले की हे होणारच. रॅम संपली की विंडोज डिस्कवरच थोडी जागा रॅमसारखी वापरतं, म्हणून अशा वेळी दोन्ही रकाने लाल दिसू शकतात. तेव्हा ४ ची ८ जीबी रॅम आणि नवी डिस्क, दोन्ही एकदम केलेलं बरं.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नंतर मला बोल लावू नका. शालार्थ किंवा यु-डायस प्लसची साइट शेवटच्या तारखेला गोल गोल फिरत बसते, ती डिस्क बदलून सुधारणार नाही. ते दुखणं आपल्या लॅपटॉपचं नाहीच.

डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल तर वेगाचा विचार बाजूला ठेवा. मशीन वारंवार चालू-बंद करू नका. सर्वांत महत्त्वाच्या फायली आधी पेन ड्राइव्हवर काढून घ्या, बाकीचं नंतर.

जुनी डिस्क हळू का?

हा भाग आठवीच्या मुलांना गणितात देता येईल, म्हणून जरा थांबतो.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेली गुळगुळीत तबकडी असते, ती गरगर फिरते, आणि तिच्यावरून एक बारीक दांडी आत-बाहेर सरकत माहिती वाचते. बहुतेक लॅपटॉपमध्ये ही तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ९० फेरे. एका फेऱ्याला १/९० सेकंद, म्हणजे साधारण ११.१ मिलिसेकंद. हवी ती माहिती दांडीखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, ते झाले सुमारे ५.६ मिलिसेकंद. त्याआधी दांडीला योग्य जागी सरकायला आणखी १२ मिलिसेकंद धरा. एकूण १७.६. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, त्यामुळे हे काहीच नाही असं वाटतं. पण समजा विंडोज सुरू होताना डिस्कवर विखुरलेले १०,००० तुकडे वाचावे लागले. १०,००० गुणिले १७.६ म्हणजे १,७६,००० मिलिसेकंद, म्हणजे १७६ सेकंद. जवळजवळ तीन मिनिटं नुसती धावपळ!

आपल्यातल्या ज्यांनी बीएलओचं काम केलंय त्यांना हे लगेच कळेल. एकाच गल्लीतली चाळीस घरं यादीत ओळीने असली तर सकाळच्या वेळात काम उरकतं. पण तीच चाळीस नावं गावाच्या चार टोकांना विखुरलेली असली तर दिवसभर पायपीट. माणसांशी बोलण्यात वेळ जातच नाही, चालण्यात जातो. हार्ड डिस्क एकच मोठा व्हिडिओ बऱ्या वेगाने वाचते, कारण तो एका गल्लीतला असतो. विंडोज मात्र सगळ्या गावात पांगलेलं.

एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही. पेन ड्राइव्हसारख्या, पण त्याहून पुष्कळ चांगल्या चिप्स असतात. कुठलाही तुकडा मागा, साधारण ०.१ मिलिसेकंदात हजर. वरचंच गणित पुन्हा करा: १०,००० गुणिले ०.१ म्हणजे एक सेकंद. प्रत्यक्षात विंडोजला बाकीची कामंही असतात, त्यामुळे एका सेकंदात लॅपटॉप सुरू होत नाही. पण तीन-चार मिनिटांचं काम अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतं, हा अनुभव बहुतेकांना येतो.

"मग ७२०० फेऱ्यांची वेगवान हार्ड डिस्क घेऊ का?" हाही प्रश्न येतो. तिचंही गणित करून बघा. ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे, अर्ध्या फेऱ्याला ४.२ मिलिसेकंद. दांडीचे १२ तसेच. एकूण १६.२. म्हणजे १७६ सेकंदांचे १६२ झाले. चौदा सेकंद वाचवण्यासाठी पैसे घालू नका. लॅपटॉपसाठी वेगवान डिस्क म्हणजे आज एसएसडीच, दुसरा विचार नको.

तुमच्या लॅपटॉपला कोणती बसेल?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. एसएसडी दिसायला दोन प्रकारच्या. एक अडीच इंची चपटी डबी, जुन्या हार्ड डिस्कच्याच मापाची. तिला साटा म्हणतात. दुसरी च्युइंगमच्या पट्टीसारखी, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब. तिला एम.२ म्हणतात, आणि मापावरून दुकानात "बावीस-ऐंशी" असंही म्हणतात. आता गोम अशी की एम.२ पट्टीतही दोन जाती आहेत: एक साटाच्या वेगाची आणि दुसरी एनव्हीएमई. दिसायला बहिणी-बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. काही लॅपटॉपची खाच फक्त साटा पट्टी घेते, काहींची फक्त एनव्हीएमई, काहींची दोन्ही. म्हणून लॅपटॉप उलटा करा, स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याची माहिती पाहा. "एचपीचा आहे, काळा" एवढ्यावर दुकानदार काय सांगणार?

शाळेतला आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप असेल, डीव्हीडी ड्राइव्हवाला, तर बहुधा अडीच इंची साटाच लागते. जुनी हार्ड डिस्क कधी कधी साडेनऊ मिलिमीटर जाडीची असते आणि नवी एसएसडी सात मिलिमीटरची. मग ती आत सैल बसते. त्यासाठी प्लॅस्टिकची चौकट मिळते, ती मागून घ्या. हीच डबी शाळेच्या संगणक कक्षातल्या डेस्कटॉपलाही चालते. काही अगदी स्वस्त, पातळ लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची चिप बोर्डावरच कायमची जोडलेली असते, त्याला ईएमएमसी म्हणतात. ती बदलता येत नाही. एम.२ ची रिकामी खाच असेल तरच वाट आहे, नसेल तर खर्च करू नका.

वेगाचे आकडे बघून भुलू नका. लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, साटा एसएसडी ५५० पर्यंत, आणि एनव्हीएमई ३,५०० किंवा त्याहून पुढे. पण आपलं काम वर्ड, एक्सेल, पीडीएफ, दीक्षावरचे व्हिडिओ. हार्ड डिस्कवरून साटावर आल्यावर जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर आपल्या कामात तो फारसा जाणवत नाही. खाच दोन्ही घेत असेल आणि किंमत सारखीच असेल तर एनव्हीएमई घ्या, एवढंच.

दुकानात काय विचाराल

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याला आग्रा रोडवर गेलात तर चार ठिकाणी भाव विचारा. भाव इथे मुद्दाम लिहीत नाही. या चिप्सचा भाव सोन्यासारखा वर-खाली होतो, लेख जुना झाला की आकडा खोटा ठरतो. पण सोनं घेताना आपण जळगावकर जसे हॉलमार्क बघतो, तसं इथेही काहीतरी बघायला हवं ना?

वॉरंटी तीन वर्षांची की पाच, हे पक्क्या बिलावर लिहून घ्या. शाळेसाठी घेत असाल तर बिल शाळेच्याच नावाने हवं. मग खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर टीबीडब्ल्यू हा आकडा पाहा. आयुष्यभरात एकूण किती टेराबाइट लिहिता येईल, याची ती कंपनीची हमी. समजा २४० जीबीच्या साध्या एसएसडीला ८० टेराबाइट दिलेत. रोज २० जीबी लिहिलं तरी ४,००० दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं. आपण रोज २० जीबी लिहीतही नाही. "एसएसडी लवकर झिजते" ही भीती आपल्या वापराला लागू नाही.

टीएलसी आणि क्यूएलसी असेही शब्द कानावर पडतील. एका कप्प्यात टीएलसी तीन बिट ठेवते, क्यूएलसी चार. एकाच बाकावर तीनऐवजी चार मुलं बसवली तर जागा वाचते, पण एकाला उठवायचं तर सगळ्यांना हलावं लागतं, तसंच काहीसं. क्यूएलसी स्वस्त पडते, पण एकदम मोठा डेटा कॉपी करताना मध्येच दमते. थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्या.

क्षमतेचं म्हणाल तर नुसत्या कार्यालयीन कामाला २५० जीबीच्या आसपास पुरते. तुम्ही शैक्षणिक व्हिडिओ बनवत असाल तर ५०० घ्या. ५०० जीबीची लावल्यावर विंडोज ४६५ दाखवतं, तेव्हा दुकानदाराशी भांडू नका. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्याचा तो फरक.

ऑनलाइन एक सापळा आहे. हजाराच्या आत "२ टीबी एसएसडी" अशी जाहिरात दिसते. डबी उघडली तर आत साधं मेमरी कार्ड निघतं, आणि खोटा आकडा दाखवायला ते शिकवलेलं असतं. थोडा डेटा भरेपर्यंत सगळं छान चालतं, मग आधीच्या फायलींवरच नव्या फायली लिहिल्या जातात. वर्षभराचे फोटो गेल्यावर कळतं.

आपलं ऊन, आपले रस्ते

फिरती तबकडी आणि मोटारसायकल यांचं जमत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद न करता नुसता झाकून पिशवीत टाकला, आणि तो आतल्या आत जागा झाला, तर खड्ड्यातून जाताना तबकडी फिरत असते. पारोळा, एरंडोलकडे रोज ये-जा करणाऱ्यांना आणखी काय सांगू! एसएसडीला या धक्क्यांचं फारसं काही नाही. उन्हाचंही तसंच: लॅपटॉपच्या हार्ड डिस्कला चालू असताना साधारण ६० अंश सेल्सिअसची मर्यादा असते, एसएसडीला ७०. बाहेर ४५ अंश आणि पत्र्याची खोली असली की हा दहा अंशांचा फरक कामाला येतो.

मात्र एक उणी बाजू सांगायलाच हवी. एसएसडी वीज न देता फार दिवस पडून राहिली, त्यातही गरम जागी, तर चिपमधला भार हळूहळू गळतो. उन्हाळी सुट्टीचा दीड महिना लोखंडी कपाटात राहिल्याने चांगल्या एसएसडीचं काही बिघडत नाही. पण शाळेचे जुने निकाल एसएसडीवर टाकून ती पाच वर्षं कपाटात ठेवून द्यायची, हे नको. त्या कामाला जुनी हार्ड डिस्कच बरी. आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल, तो थेट प्लगवर चालत असेल, तर आपल्याकडे लाइट गेली की तो धाडकन बंद पडतो. लिहिता लिहिता वीज गेली तर एसएसडीवरच्या फायलीही खराब होतात. जमल्यास बॅटरीचंही बघा.

माझी फजिती

आता बदलण्याचं काम. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे क्लोन: जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर करायची. यूएसबी-साटा वायर आणि क्लोनझिलासारखं मोफत सॉफ्टवेअर वापरून हे होतं. त्याआधी बिटलॉकर चालू आहे का ते बघा आणि असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. दुसरा रस्ता म्हणजे नव्या एसएसडीवर कोरं विंडोज टाकायचं. मशीन स्वच्छ होतं, म्हणून दुकानात बहुतेक हेच करतात.

मीही तेच करून घेतलं. दुकानाचं नाव नको. "सर, जुनी तुमच्या काय कामाची, राहू द्या इथेच" म्हणाले, मी हो म्हटलं. माय डॉक्युमेंट्स तेवढं कॉपी करून आणलं होतं. घरी येऊन लॅपटॉप उघडला, भराभर चालला, मी खूश. मग सातवीची जुनी प्रश्नपत्रिका उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला! आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. श्रीलिपी काय किंवा सी-डॅकचा सुरेख काय, हे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. फॉन्ट गेला की फाइल असून नसल्यासारखी. शिवाय डेस्कटॉपवरचं एक फोल्डर राहूनच गेलं होतं, ते वेगळं.

दोन दिवसांनी धावत दुकानात गेलो. माझी डिस्क फॉरमॅट करून दुसऱ्याच कुणाच्या संगणकात बसवण्यासाठी टेबलावर ठेवलेली. विनंती करून परत आणली आणि फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर तिच्यावर चालवलं. रात्रभर चाललं. सकाळी बघतो तर राहिलेलं फोल्डर जवळजवळ सगळं परत आलेलं. मला हायसं वाटलं, आणि पुढच्याच मिनिटाला पोटात गोळा आला. कारण त्याबरोबर वर्गाची यादीही परत आली होती. मुलांची नावं, आईची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खाते क्रमांक. "फॉरमॅट केलेल्या" डिस्कवरून, फुकटच्या सॉफ्टवेअरने. मी दोन दिवस उशिरा गेलो असतो तर ही यादी कुणाच्या घरी पोहोचली असती, हे मला कधी कळलंही नसतं. पालकांनी विश्वासाने दिलेली माहिती होती ती.

म्हणून कृपा करून जुनी डिस्क दुकानात सोडू नका. वटाव देतो म्हटले तरी नको. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, धडे जागेवरच राहतात. देऊन टाकायचीच असेल तर झटपट फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. त्यात विंडोज साऱ्या तबकडीवर शून्यं लिहीत जातं. काही तास लागतात, लागू द्या.

कोरं विंडोज टाकण्याआधी सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स हे अख्खं फोल्डर कॉपी करून घ्या. डेस्कटॉप, डाउनलोड्स, ब्राउझरमधले बुकमार्क, प्रिंटरचं नाव, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स, सगळं वहीत लिहून मगच मशीन उघडायला द्या.

विंडोजचंही एक आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि साधारण २०१७-१८ च्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे जुन्या मशीनला एसएसडी लावली तरी त्यावर पगाराची, बँकेची कामं करू नयेत असं माझं मत आहे. प्रोजेक्टरला जोडून व्हिडिओ दाखवायला ते मशीन उत्तम. किंवा त्यावर उबुंटूसारखं लिनक्स टाका, ते फुकट आहे आणि त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवरच मुलांना शिकवताहेत.

काढलेली हार्ड डिस्क चांगली असेल तर यूएसबीच्या केसिंगमध्ये घाला, बॅकअपला होईल. शाळेची असेल तर जडवस्तू संग्रह नोंदवहीत तशी नोंद करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या तपासणीत "हार्ड डिस्क कुठे गेली" याचं उत्तर देत बसाल. आणि अगदीच मेली असेल, रीतसर निर्लेखन झालं असेल, तर ती विज्ञानाच्या तासाला उघडा. त्यासाठी चांदणीसारख्या डोक्याचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. आत आरशासारखी तबकडी, तिच्यावरची दांडी आणि दोन जबरदस्त चुंबक निघतात. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी पुष्कळदा काचेची असते, वाकवली की तुकडे उडतात; ती मुलांच्या हातात देऊ नका, लांबूनच दाखवा. चुंबक बोटं चिमटतात, म्हणून ते एकमेकांपासून दूर ठेवा. आणि पाकिटातल्या एटीएम कार्डापासूनही.